आठवी माळ

बांध वाहून गेला त्या सकाळी माझी बायको बनुबाई म्हणाली, "बरं झालं. उंदरं आन् भांडनं, दोन्ही त्यातच ऱ्हात हुती."

मी हसलो नाही. गुडघाभर पाण्यात उभा राहून मी बाभूळ शोधत होतो. माझं वावर आणि थोरल्या भावाचं, सहादेवदादाचं वावर यांच्या मधे तो बांध होता. मध्यावर एक बाभूळ आणि वरच्या टोकाला आमच्या वडिलांनी रोवलेला दगड. भादव्याच्या शेवटी दोन दिवस आभाळ फाटल्यासारखा पाऊस झाला, ओढ्यानं वाट बदलली आणि तो आमच्या वावरातूनच वाहिला. पाणी जरा उतरलं तेव्हा बाभूळ नव्हती, दगड नव्हता आणि बांधही नव्हता. माझी बाजरी आणि दादाची कपाशी एकाच तळ्यात उभी होती.

आमचा पाथर्डीकडचा भाग कोरडा. पाऊस नसतो म्हणूनच दसरा झाला की अर्धं गाव कोयते घेऊन ऊसतोडीला जातं. दादा आणि वहिनी दरवर्षी जातात. आम्हीही जायचो, पण धनश्री, आमची एकुलती एक लेक, दहावीला गेली तेव्हा बनुबाईनं ते बंद केलं आणि चार शेळ्या धरल्या.

दुसऱ्या दिवशी दादा चिखल तुडवत आमच्या वस्तीवर आला. बनुबाई शेळ्यांचं भिजलेलं छप्पर सावरत होती. तिनं पदर पुढं ओढला.

"अजिनाथ, दसऱ्याला टोळी निघंल. त्याच्या आत बांध घालून टाकू," दादा म्हणाला.

"घालू की."

"बाभळीपून सरळ."

"बाभूळ कुठं हाय?"

"ही काय, हितं हुती." दादानं जिथं पाय रोवला ती जागा माझ्या बाजरीत चार पावलं आत होती.

"दादा, तुझ्या भवती बाजरी उभी हाय. बाजरीत बाभूळ उगवली हुती का?"

"पान्यानं सरकली आसंल बाजरी."

बनुबाई दादाशी कधी थेट बोलली नाही. थोरल्या दिराशी बोलायची आमच्यात रीत नाही. ती छपराकडं तोंड करून मला म्हणाली, "त्यान्ला इचारा, बाजरी हिंडाया निघाली हुती का? सांगून तरी जायाचं हुतं."

दादाचा चेहरा उतरला. मग शब्दाला शब्द वाढला. मोजणी आणायची तर चार महिने लागणार, आणि तोवर दादा उसात. शेवटी आमची म्हातारी आई, आक्का, ओट्यावरून ओरडली, "कामून गावाला तमाशा दाखवता? आठव्या माळंला आईलाच इचारा. तिच्याम्होरं कुनाचं खोटं चालत न्हाई."

आम्ही दोघांनी मान हलवली.

अष्टमीला बनुबाईच्या अंगात देवी यायची. लग्नानंतर तिसऱ्या नवरात्रात पहिल्यांदा आली, त्याला वीस-एकवीस वर्षं झाली. वर्षातून एकदाच, आठव्या माळेला, होमाच्या आधी. केस सुटायचे, अंग थरथरायचं, डोक्यावरचा पदर खांद्यावर पडायचा आणि एरवी दादाच्या सावलीला बाजूला होणारी बाई त्याला "सहादेव" म्हणून हाक मारायची. मलाही नावानंच हाक मारायची. अर्धा तास हे चालायचं. मग ती झोपायची आणि उठली की चहा मागायची.

एका वर्षी देवी दादाला म्हणाली, "सहादेव, तुझ्या आईला दिसंना झालंय. तुला तरी दिसतंय का?" दादानं महिन्याच्या आत आक्काचं मोतीबिंदूचं ऑपरेशन करून आणलं. तीन वर्षांपूर्वी धनश्रीला स्थळ आलं होतं आणि मी होकार द्यायच्या बेतात होतो. त्या अष्टमीला देवी मला म्हणाली, "अजिनाथ, पोरीला शिकू दे. घाई केलीस तर माझ्याशी गाठ हाय." धनश्री आज नगरला नर्सिंग शिकते. त्या संध्याकाळी मी बनुबाईला विचारलं, "खरं सांग. आई बोलली का तू बोललीस?"

ती भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "मी बोलले आसते तर तुमी ऐकलं आसतं?"

मी पुन्हा कधी विचारलं नाही.

घट बसले त्या दिवशी तिनं घटाची माती जिथं बांध होता तिथून आणली. टोपली उतरवून म्हणाली, "दोगांची हाय. घटाला तरी भांडू नका." मग पायातली चप्पल धुतली, पुसली आणि भिंतीतल्या दिवळीत ठेवली. नऊ दिवस ती चप्पल घालत नसे आणि एकच वेळ भगर खायची.

मी म्हणालो, "औंदा चप्पल सोडू नको. वावरात काय काय कुजतंय ते बघतीस न्हवं?"

"इतकी वर्सं सोडली. औंदाच काय झालं?"

"तुझ्या टाचा बघ."

तिच्या टाचांना भेगा होत्या. ज्वारीचा दाणा बसेल एवढ्या. आतलं लाल दिसायचं.

आक्का म्हणाली, "घालू दे तिला चप्पल. मंग आठव्या माळंला आई आली न्हाई तर बांध तू सांग."

मी चप्पल दिवळीतच राहू दिली. यंदा देवी यायला हवी होती. दादापेक्षा मला जास्त हवी होती, कारण मला वाटत होतं की न्याय माझ्याच बाजूनं होणार.

बाजरीची कणसं पाण्यातच खुडायची होती. उशीर झाला असता तर उभ्या ताटावरच मोड आले असते, काहींना आले होतेही. आम्ही दोघं पोटरीभर चिखलात सकाळपासून वाकलेले असायचो. कणसं खुडायची, पाठीवरच्या झोळीत टाकायची, झोळी भरली की ओट्यावर नेऊन पसरायची. बांधातले उंदीर मरून, फुगून, पांढरी पोटं वर करून पाण्यावर आले होते. बनुबाई विळ्याच्या टोकानं त्यांना बाजूला सारायची. "ह्यो तुमच्या दादाच्या हद्दीतला," म्हणून एक तिकडं ढकलायची. "ह्यो आपला." एकदा बराच विचार करून म्हणाली, "ह्याची मोजनी करावी लागंल."

तेव्हा मात्र मी हसलो. तिचं माझ्याशी झालेलं ते शेवटचं शहाणपणाचं बोलणं, असं मला आता वाटतं. तसं नसेलही. पण तेच आठवतं.

पाचव्या माळेला दुपारी ती चिखलात एकदम खाली बसली.

"काय झालं?"

"पोटऱ्यांत गोळं आल्यात. उभं ऱ्हावत न्हाई."

मी तिला धरून घरी आणलं. ऊन होतं, तरी ती कुडकुडत होती. गोधडी घातली, वरून घोंगडी घातली. पोटऱ्या दाबायला बसलो तर हात लावू देईना, इतक्या दुखत होत्या. गावात आठवड्यातून दोनदा येणाऱ्या डॉक्टरनं सुई टोचली, गोळ्या दिल्या. "साथ आहे. दोन दिवसांत उतरला नाही तर पाथर्डीला जाऊन रक्त तपासा," असं त्यानं सांगितलं होतं. मी ऐकलं होतं. ऐकलं नाही असं मी म्हणणार नाही.

सहाव्या माळेला ताप जरा कमी झाला. ती उठली, अंघोळ केली, घटाला माळ घातली आणि पुन्हा जाऊन पडली. सातव्या माळेला ताप चढला तो उतरला नाही. दोनदा उलटी झाली. ती काही खात नव्हती, पण ते कुणाला वावगं वाटलं नाही, कारण उपवासच होता. डोळे लाल झाले होते, रक्त उतरल्यासारखे. आक्कानं ते डोळे पाहिले आणि हात जोडले.

"आई जवळ आली. औंदा एक दिस आदीच."

दुपारी धनश्रीचा फोन आला.

"पप्पा, ताप किती आहे?"

"लई हाय."

"आकडा सांगा."

"आकडा कुठून सांगू? हात लावला तर पोळतंय."

"डोळे लाल आहेत का? लघवीला होतंय का नीट?"

लेकीला हे काय सांगायचं म्हणून मी गप्प राहिलो. आणि खरं म्हणजे मला माहीतही नव्हतं.

"पप्पा, ती पाण्यात काम करत होती ना? आजच्या आज तिला नगरला आणा. मी इथं सांगून ठेवते."

"उद्या अष्टमी हाय. होम झाला की परवा सकाळी निघतो."

ती म्हणाली, "देवी एक दिवस थांबेल, पप्पा."

"देवी थांबंल गं. तुझा चुलता थांबायचा न्हाई."

हे मी बोललो.

अष्टमीच्या सकाळी मी शेळ्यांना पाला टाकून आलो तर बनुबाई अंगण झाडत होती. मला बरं वाटलं. मग लक्षात आलं की ती एकच हातभर जागा झाडतेय. माती उडून तिथं खळगा पडला होता, तरी ती झाडत होती. मी केरसुणी काढून घेतली. ती घरात गेली, बाजरीच्या पिठाचा डबा उचलला आणि अख्खा पाण्याच्या घागरीत ओतला.

"हे काय केलंस?"

"कनसं भिजू घातली," ती म्हणाली आणि हसली. "आई आली का वो माजी? तिला म्हनावं पायऱ्या निसरड्या झाल्यात, दमानं ये."

तिची आई मरून अकरा वर्षं झाली आणि आमच्या घराला पायऱ्या नाहीत.

मी तिचा हात धरला. चुलीवरच्या तव्यासारखा हात. आक्का म्हणाली, "तिला आता काय बोलू नको. ती आता ती न्हाई."

दहाच्या सुमाराला माणसं जमली. वाजवणारा संबळ घेऊन आला. रंगुवहिनी, दादाची बायको, हळदीचं ताट घेऊन बसली. दरवर्षी मळवट तीच भरते. तिनं बनुबाईच्या कपाळाला, गालांना, गळ्याला, दोन्ही हातांना कोपरापर्यंत हळद लावली आणि कपाळभर कुंकू भरलं. लावता लावता तिचा हात थांबला.

"भावजी, अंग लई तापलंय हिचं."

"आईचं त्याज हाय ते," आक्का म्हणाली.

वहिनीनं माझ्याकडं पाहिलं. मी घटाकडं पाहिलं. धान चांगलं वीतभर आलं होतं.

संबळ वाजायला लागला तशी बनुबाई कापायला लागली. दात वाजत होते. केस सुटले. बाया हात जोडून पुढं सरकल्या. दादा दोन्ही हातांत नारळ घेऊन आला, गुडघे टेकले आणि म्हणाला, "आई, तूच सांग. आमचा बांध कुठं हुता?"

आम्ही सगळे "सहादेव" ही हाक ऐकायला थांबलो होतो.

बनुबाईनं दादाकडं पाहिलं. मग तिचा हात खांद्यावर चाचपडायला लागला. पदर सापडेना. सापडला तेव्हा तिनं तो डोक्यावरून घेतला आणि कपाळाच्या पुढं ओढला, कुंकू सगळं पदराला लागलं, आणि ती अंग चोरून भिंतीकडं वळली.

देवी दादासमोर पदर घेत नाही. वीस वर्षांत कधी घेतला नव्हता. दादासमोर पदर घ्यायची ती माझी बायको.

पदराच्या आतून ती मला म्हणाली, "अवं, पानी द्या."

वहिनी तांब्याकडं वळली. आक्कानं तिचा हात धरला. "होमाआदी पानी न्हाई. दरसाल देत न्हाई."

मी तेव्हा उठायला हवं होतं. जीप गावातच होती. सूर्यभानची जीप, हाकेच्या अंतरावर. हे मला पदर पाहिला तेव्हाच कळलं होतं. कळून मी काय केलं ते सांगतो. मी हात जोडले आणि म्हणालो, "आई, बांध कुठं हुता?"

"बांध न्हाई," ती म्हणाली. "समदं पानीच हाय. शेळ्या सोडा, अवं. पानी आत आलं, शेळ्या सोडा."

बायांत कुजबुज झाली. दादा म्हणाला, "आई, तोंडानं न्हाई तर पावलानं दाव. चल वावरात. जिथं तू थांबशील तिथं बांध."

वहिनी आणि आणखी एका बाईनं तिला दोन्ही बाजूंनी धरून उठवलं. पुढं संबळ, मागं आम्ही. घरापासून वावर दोनशे पावलं. ऊन कडक पडलं होतं आणि चिखलाची वाफ नाकात जात होती. ती चालत नव्हती, बाया तिला चालवत होत्या. तिच्या पायांना चिखलातनं निघता येत नव्हतं. पोटऱ्यांना धक्का बसला की ती कण्हायची आणि कण्हली की मागचे लोक देवीचं नाव घ्यायचे.

माझी बाजरी गेली. दादानं दाखवलेली जागा गेली. बांध जिथं असावा असं मी म्हणत होतो ती जागाही मागं पडली. दादाच्या कपाशीत ती सहा पावलं आत गेली आणि तिथं बायांच्या हातांतून खाली घसरली. चिखलात कुशीवर पडली. गाल चिखलाला लावला.

"गार हाय," ती म्हणाली.

संबळ थांबला. दादा कितीतरी वेळ उभा राहिला. त्याची सहा पावलं जमीन जात होती, आणि कपाशीची सड लागलेली काळी बोंडं त्याच्या मांडीला लागत होती. मग तो ओढ्याकडं गेला, दोन्ही हातांनी पोटाशी धरून एक मोठा दगड घेऊन आला आणि तिच्या डोक्यापाशी ठेवला. माझ्याकडं न बघता म्हणाला, "आईनं दिली तुला. माझी ना न्हाई."

मला बरं वाटलं. ती समोर चिखलात पडलेली होती आणि मला बरं वाटलं.

तिला उचलून घरी आणलं आणि ओट्यावर निजवलं. होम झाला. होम होईपर्यंत ती उठून चहा मागेल असं आक्का म्हणत होती. ती उठली नाही. होमाची राख लावायला वहिनी गेली आणि तिनंच हाक मारली, "भावजी, नाकातून रगत येतंय हिच्या."

मग सगळं घाईनं झालं. सूर्यभाननं जीप आणली. ओढ्यावरचा पूल वाहून गेल्यामुळं लांबच्या रस्त्यानं जावं लागलं. जीपमधे दादानं तिचे पाय मांडीवर घेतले होते. तिनं दोनदा पदर शोधला. दुसऱ्या वेळी दादा तोंड फिरवून खिडकीतून बाहेर बघायला लागला आणि रडला. पाथर्डीच्या दवाखान्यात बाटली लावली आणि सांगितलं, थांबू नका, नगरला न्या.

नगरला धनश्री दवाखान्याच्या दारात उभी होती, कॉलेजच्या गणवेशात. तिनं आईकडं पाहिलं, मग आमच्याकडं पाहिलं, आणि स्ट्रेचर धरलं.

डॉक्टर तरुण होता. त्यानं विचारलं, "ही हळद कशाची?"

"देवीची," मी म्हणालो.

"पुसा आधी. मला कातडीचा रंग बघायचाय."

धनश्रीनं कापूस ओला केला आणि आईचं तोंड पुसलं. कुंकू गेलं, चिखल गेला, हळद गेली. तिनं दुसरा कापूस घेतला. मग तिसरा. गळा पुसला, हात पुसले. कापूस आता पांढराच निघत होता. तिनं आईची पापणी बोटानं वर केली आणि तशीच उभी राहिली.

"पप्पा," ती म्हणाली, "ही हळद नाही."

बनुबाई पिवळी झाली होती. कधीपासून झाली होती कुणास ठाऊक. आम्ही तिला वरून हळद लावली होती.

डॉक्टरनं सांगितलं की उंदरांच्या मुताचं पाणी पायांच्या भेगांतून रक्तात जातं, त्याचा हा ताप आहे. काविळीबरोबर मूत्रपिंडं बंद पडत आलीत. "दोन दिवस आधी आणायचं होतं," असंही तो म्हणाला. आवाज न चढवता म्हणाला. मग पलंगावरून तिचा आवाज आला.

"समदं पानीच हाय. शेळ्या सोडा, अवं."

"कधीपासून असं बोलतायत?"

"सकाळपून," मी म्हणालो.

"ताप डोक्यात गेला की होतं असं. त्या काय बोलतात तिकडं लक्ष देऊ नका. त्याला अर्थ नसतो."

दादा माझ्या शेजारीच उभा होता.

तिला दोन दिवस मिळाले. त्यात ती कधी आईला बोलवायची, कधी हवेत कणसं खुडायची. बोटं चालूच असायची, अंगठ्याच्या नखानं खुडल्यासारखी. धनश्री ती बोटं हातात धरून बसायची. पाणी मागितलं की नर्स ओल्या कापसानं ओठ भिजवायची. जास्त द्यायचं नाही असं सांगितलेलं होतं. दसऱ्याच्या सकाळी लोक दवाखान्यातही एकमेकांना आपट्याची पानं देत होते. कुणीतरी आमच्या पलंगाच्या कडेला दोन पानं ठेवून गेलं. त्यानंतर थोड्या वेळानं तिची बोटं थांबली.

घरी आलो तेव्हा घट तसाच होता. दसऱ्याला तो कुणी उठवलाच नव्हता. धान अंधारात उंच होऊन आडवं पडलं होतं.

दादाची टोळी निघाली, पण तो तेराव्यापर्यंत थांबला. मुकादमाचे फोन येत होते. दादा घेत नव्हता. तेरावा झाला त्या दुपारी धनश्री भांडी घासायला बसली होती. तिनं मान वर न करता विचारलं, "आईनं काय मागितलं होतं त्या दिवशी? काकू सांगत होत्या."

"पानी."

"आणि तुम्ही काय विचारलं?"

मी सांगितलं. ती भांडी घासत राहिली. संध्याकाळच्या गाडीनं नगरला गेली. आता फोन करते, आक्काची विचारपूस करते, आणि फोन आक्काकडंच द्या म्हणते.

दादा निघायच्या आदल्या दिवशी मी त्याच्याकडं गेलो. तो आणि वहिनी गाठोडी बांधत होते.

"दादा, तो दगड काढ. ती तुझी जागा हाय. आपला बांध अलीकडं हुता, तुलाबी ठाव हाय, मलाबी."

"आईनं दिलेली जागा मी परत घेत न्हाई."

"ती आई न्हवती, दादा. डॉक्टर तुझ्याम्होरंच बोलला. ताप हुता त्यो."

दादानं दोरीची गाठ मारली. गाठ घट्ट झाली का ते ओढून पाहिलं.

"डॉक्टरनं सांगितल्यावर मला कळलं," तो म्हणाला. "तुला कवा कळलं?"

वहिनी आत निघून गेली.

"तिनं पदर घेतला तवा," मी म्हणालो.

"मंग तवा कामून बोलला न्हाईस?"

त्यानं दुसरं गाठोडं पुढं ओढलं.

सकाळी ते गेले. जायच्या आधी दादानं माणूस लावून सडलेली कपाशी उपटली आणि आपल्या वावरात ज्वारी पेरून घेतली होती, दगडाच्या पलीकडं चार हात सोडून. मी माझी पेरली ती जुना बांध होता तिथपर्यंत. मधे सहा-सात पावलांचा पट्टा राहिला. त्यात दादाचा नांगर शिरला नाही, माझाही नाही. नांगराच्या दोन तासांसाठी आम्ही एकमेकांचे गळे धरणारे भाऊ. आता तिथं गवत माजलंय. पाण्यानं वाहून आलेल्या बाजरीचे मोड उगवलेत आणि दगड अर्धा त्यात बुडालाय.

तिची चप्पल दिवळीत आहे. धुऊन ठेवली होती तशीच.

आक्का सकाळी ओट्यावर बसून विचारते, "बनू उठली का?" मी छपरात जातो आणि शेळ्या सोडतो. त्या दुसरीकडं कुठं बघत नाहीत, सरळ त्या पट्ट्यात जातात आणि दिवसभर तिथंच चरतात.